माय-डी-८८ : वेशीवरचा निरोप चावडीपर्यंत पोचविणारे जनुक

लहान मुलाचे अंग तापले की घर धास्तावते आणि अंग निवले की घराचा जीव भांड्यात पडतो. ताप आहे म्हणजे आजार आहे, ताप नाही म्हणजे धोका नाही, हे समीकरण खेड्यात काय आणि शहरात काय, सर्वत्र पक्के रुजलेले आहे. वस्तुतः ताप हा स्वतः रोग नव्हे. शरीरात रोगजंतू शिरल्याची चाहूल लागताच शरीराने दिलेली ती हाळी होय. ही हाळी देण्यासाठी शरीरात अनेक प्रथिनांची एक साखळी काम करीत असते. त्या साखळीतील एखादी कडी जन्मतःच नसेल तर जंतू शिरतात, वाढतात, रक्तात पसरतात आणि तरीही बालकाचे अंग थंडच राहू शकते.

अशा एका कडीचे नाव माय-डी-८८ असे आहे. या नावाचे जनुक प्रत्येक मानवी पेशीत असते आणि त्याच्या आज्ञेवरून त्याच नावाचे एक लहानसे प्रथिन प्रतिकार करणाऱ्या पेशींत तयार होते. या प्रथिनाचा अभाव अत्यंत विरळा आहे. तथापि त्याच्या अभ्यासातून जो बोध मिळाला आहे, तो प्रत्येक अंगणवाडीस, शाळेस व ग्रामपंचायतीस उपयोगी पडणारा आहे.

संरक्षणाच्या दोन फळ्या

मानवी शरीराच्या संरक्षणाची व्यवस्था दोन फळ्यांत विभागलेली आहे. पहिली फळी जन्मजात असते. तिच्यातील भक्षक पेशी जंतू दिसताच त्यांच्यावर तुटून पडतात. रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा खुपसला, तेव्हा त्या काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला त्यांना आढळला. भक्षक पेशींच्या सिद्धान्ताचा उगम या निरीक्षणात आहे. त्यासाठी १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल एर्लिख यांच्यासमवेत देण्यात आले. मेचनिकॉफ यांचे एक विद्यार्थी वॉल्डेमार हाफकिन हे पुढे मुंबईत आले. प्लेगच्या साथीत त्यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील प्रयोगशाळेत प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. परळ येथील हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

दुसरी फळी अनुभवातून शिकते. एकदा भेटलेल्या जंतूची ओळख ती लक्षात ठेवते व पुन्हा गाठ पडताच त्याच्याविरुद्ध नेमकी प्रतिपिंडे तयार करते. लसीकरणाचा पाया हाच आहे. मात्र ही दुसरी फळी तयार होण्यास काही दिवस लागतात. त्या मधल्या काळात पहिल्या फळीवरच सारी भिस्त असते. अर्भकाच्या बाबतीत तर ही भिस्त अधिकच मोठी असते, कारण त्याच्या दुसऱ्या फळीने अद्याप जग पाहिलेले नसते.

अमेरिकेतील येल विद्यापीठाचे चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये एका अडचणीच्या प्रश्नाकडे लक्ष वेधले. शुद्ध केलेले प्रथिन नुसतेच टोचले तर शरीर त्याची फारशी दखल घेत नाही. त्यात मृत जंतूंचे अंश मिसळले की मात्र जोरदार प्रतिकार निर्माण होतो. असे का व्हावे? जेनवे यांनी असे अनुमान मांडले की, जंतूंच्या अंगी असलेल्या काही सर्वसाधारण खुणा ओळखणारे संवेदक पहिल्या फळीकडे असले पाहिजेत आणि त्यांनी इशारा दिल्याखेरीज दुसरी फळी जागी होत नसली पाहिजे. हे संवेदक त्या वेळी कोणीही पाहिलेले नव्हते.

एका यादीतील अठ्ठ्याऐंशी

माय-डी-८८ चा शोध संवेदकांचा माग काढताना लागला नाही. १९९० मध्ये अमेरिकेत डॅन लीबरमन, बार्बरा हॉफमन व त्यांचे सहकारी उंदराच्या रक्तकर्करोगातील पेशींचा अभ्यास करीत होते. या अपक्व पेशींना इंटरल्यूकिन-६ नावाचे द्रव्य दिले असता त्या पक्व होऊ लागतात. तसे होताना आरंभीच कोणकोणती जनुके जागी होतात, याची ते नोंद करीत होते. अशा जनुकांना 'मायलॉइड डिफरन्सिएशन' या शब्दांवरून माय-डी असे नाव देण्यात आले. ८८ हा केवळ यादीतील आकडा होय. त्या वेळी या जनुकाचे कार्य काय, हे कोणासही ठाऊक नव्हते. यादीतील एक बिननावाची नोंद पुढे वैद्यकशास्त्राच्या एका मोठ्या दालनाची किल्ली ठरावी, हा विज्ञानाच्या इतिहासातील नेहमीचाच अनुभव आहे.

मानवामध्ये हे जनुक तिसऱ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर आहे. त्यापासून सुमारे ३०० अमिनो आम्लांचे प्रथिन तयार होते. प्रथिनांच्या जगात हा आकार लहानच म्हणावा लागेल. या प्रथिनाची दोन टोके महत्त्वाची आहेत. एका टोकाचा खंड पेशीच्या पृष्ठावरील संवेदकाच्या आतल्या शेपटाशी जुळतो. दुसऱ्या टोकाचा खंड पेशीतील पुढच्या प्रथिनास धरतो. या दुसऱ्या खंडास शास्त्रीय परिभाषेत 'मृत्युखंड' असे भयंकर नाव आहे, कारण असा खंड प्रथम पेशींच्या मृत्यूशी संबंधित प्रथिनांत आढळला होता. माय-डी-८८ मध्ये मात्र त्याचे काम केवळ हात धरण्याचे आहे.

जोडप्रथिनाचे कार्य

प्रथिनांचे अनेक प्रकार असतात. काही प्रथिने विकर म्हणून रासायनिक क्रिया घडवून आणतात, काही पेशीला आकार देतात, काही प्राणवायू वाहून नेतात. माय-डी-८८ यांपैकी काहीच करीत नाही. ज्यांची एरवी गाठ पडली नसती अशा दोन प्रथिनांची ते गाठ घालून देते. अशा प्रथिनांना ॲडॅप्टर किंवा जोडप्रथिने म्हणतात.

जुन्या गावगाड्यातील उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. वेशीवर जागल्या पहारा देत असे. परका माणूस दिसला की त्याची वर्दी चावडीवर जाणे आवश्यक असे. जागल्याने वेस सोडून चालत नसे व पाटलाने चावडी सोडून वेशीवर बसून चालत नसे. दोहोंमध्ये निरोप नेणारा कोणी तरी लागेच. पेशीच्या पृष्ठावरील संवेदक हे जागल्यासारखे, पेशीचे केंद्रक हे चावडीसारखे आणि माय-डी-८८ हे वेशीपाशी निरोप घेऊन पुढच्याच्या हाती देणारे. जागल्या डोळ्यांत तेल घालून बसलेला आहे, चावडीवर माणसे सज्ज आहेत, पण मधला निरोप्याच नाही, अशी स्थिती झाल्यास गाव लुटले जाते. त्यात दोष जागल्याचाही नसतो आणि चावडीचाही नसतो.

माशीपासून माणसापर्यंत

जेनवे यांनी कल्पिलेले संवेदक सापडले ते फळांवर घोंघावणाऱ्या एका बारीक माशीमुळे. या माशीच्या गर्भाची पाठ-पोट अशी दिशा ठरविणारे एक जनुक जर्मनीत क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासले होते. त्यास 'टोल' असे नाव मिळाले. १९९६ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे ज्यूल हॉफमन, ब्रूनो लमेत्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले की, टोल जनुक बिघडलेल्या माश्या बुरशीच्या संसर्गास बळी पडतात. गर्भाची घडण करणारे जनुक प्रौढ माशीचे रक्षणही करीत होते.

पुढील वर्षी, १९९७ मध्ये, जेनवे व त्यांचे सहकारी रुस्लान मेजितोव्ह यांना मानवातही टोलसारखा संवेदक आढळला. १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने उंदरांवरील प्रयोगांतून या वर्गातील एक संवेदक काही जिवाणूंच्या बाह्य आवरणातील विषारी द्रव्याची जाणीव करून देतो, हे सिद्ध केले. मानवात असे दहा संवेदक ज्ञात आहेत. कोणी जिवाणूच्या आवरणातील द्रव्य ओळखतो, कोणी जिवाणूच्या शेपटीतील प्रथिन, तर कोणी विषाणूचे आरएनए. या कार्यासाठी हॉफमन व बॉयटलर यांना २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षीचे अर्धे पारितोषिक राल्फ स्टाइनमन यांना दुसऱ्या फळीस जागे करणाऱ्या डेंड्रायटिक पेशींच्या शोधासाठी देण्यात आले. जेनवे २००३ मध्येच निधन पावले होते.

आता प्रश्न उरला तो मधल्या निरोप्याचा. जपानमध्ये शिझुओ अकिरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८-९९ च्या सुमारास माय-डी-८८ नसलेले उंदीर तयार केले. एरवी ज्या जिवाणूविषाने उंदीर दगावतात, ते टोचूनही हे उंदीर शांत राहिले. त्यांना विष बाधले नाही, कारण विषाची वर्दीच आत गेली नाही. मानवी टोल-संवेदकांपैकी एकाचा अपवाद वगळता बाकी सर्व संवेदक निरोप पोचविण्यासाठी माय-डी-८८ चा आधार घेतात. इंटरल्यूकिन-१ व त्याच्या कुळातील अन्य द्रव्यांचे संवेदकही याच वाटेने जातात. म्हणजे अनेक वेशींचा निरोप्या एकच आहे.

निरोपाचा प्रवास

जंतूची खूण संवेदकाला चिकटताच पेशीच्या आत माय-डी-८८ चे रेणू गोळा होतात. २०१० मध्ये या जुळणीची त्रिमितीय रचना उलगडली. माय-डी-८८ चे सहा रेणू, त्यांवर इराक-४ नावाच्या विकराचे चार व त्यावर त्याच कुळातील इराक-२ चे चार, असा चौदा रेणूंचा जिना त्यात दिसून आला. एकेकटा रेणू दुर्बळ असतो, जिना जमला की निरोप पुढे सरकतो. एखाद-दुसऱ्या रेणूच्या चुकून झालेल्या भेटीने खोटी हाकाटी होऊ नये, अशी ही योजना असावी.

निरोप पुढे अनेक हातांतून जाऊन अखेर एनएफ-कप्पा-बी या प्रथिनापर्यंत पोचतो. या प्रथिनाचा शोध १९८६ मध्ये रंजन सेन व डेव्हिड बाल्टिमोर यांनी लावला. एरवी हे प्रथिन पेशीद्रवात अडकवून ठेवलेले असते. निरोप येताच त्याची बेडी तुटते, ते केंद्रकात शिरते आणि दाह उत्पन्न करणारी अनेक जनुके कार्यान्वित करते. त्यातून इंटरल्यूकिन-६ सारखी द्रव्ये रक्तात उतरतात. मेंदूतील तापमान-नियंत्रक केंद्रावर त्यांचा परिणाम होऊन ताप चढतो. यकृतावर परिणाम होऊन 'सीआरपी' नावाचे प्रथिन रक्तात वाढते. डॉक्टर रक्त तपासून जंतुसंसर्गाचा अंदाज घेतात तो बहुधा याच सीआरपीवरून. जखमेभोवतीची लाली, सूज, पू ही सारी याच वर्दीची दृश्य फळे आहेत.

हा क्रम ध्यानी घेतला म्हणजे पुढील भाग समजण्यास अडचण पडत नाही. माय-डी-८८ नसेल तर जंतूंचा प्रतिकार तर ढिला पडतोच, शिवाय आजाराची लक्षणेही पुसट होतात. घरातील माणूस कपाळाला हात लावून पाहतो, तो ताप नाही. डॉक्टर रक्त तपासतात, तर आरंभी सीआरपी वाढलेले नाही. रोग असतो आणि रोगाची खूण नसते.

कडी निखळते तेव्हा

२००३ मध्ये इराक-४ चा जन्मजात अभाव असलेली मुले प्रथम ओळखली गेली. पाच वर्षांनी, २००८ मध्ये, होर्स्ट फॉन बर्नुथ, जाँ-लोरां कासानोव्हा व त्यांच्या सहकाऱ्यांनी माय-डी-८८ चा अभाव असलेल्या नऊ मुलांची माहिती प्रसिद्ध केली. या सर्व मुलांना पू उत्पन्न करणाऱ्या जिवाणूंचे जीवघेणे आजार झाले होते. न्यूमोकॉकस हा त्यांतील प्रमुख जिवाणू. स्टॅफिलोकॉकस व स्यूडोमोनास हे जिवाणूही या मुलांना विशेष बाधतात. रक्तातील जंतुसंसर्ग, मेंदूच्या आवरणाचा दाह, सांध्यांत व हाडांत पू होणे, यकृतात गळू होणे, अशी या आजारांची रूपे असतात.

आश्चर्याची गोष्ट अशी की, अन्य बहुतेक जंतूंशी ही मुले सर्वसामान्य मुलांप्रमाणेच लढत होती. माय-डी-८८ नसलेले उंदीर प्रयोगशाळेत अनेक प्रकारच्या जंतूंना बळी पडतात. माणसाच्या मुलांत मात्र धोका मुख्यतः काही मोजक्या जिवाणूंपुरता दिसला. उंदरावरून माणसाविषयी घाईने निष्कर्ष काढू नये, हा धडा त्यातून मिळाला. पुढे या चित्रात एक भर पडली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, माय-डी-८८ किंवा इराक-४ चा अभाव असलेल्या रुग्णांत कोविड-१९ मुळे गंभीर न्यूमोनिया होण्याचा धोका मोठा असतो. विषाणूचे आरएनए ओळखणाऱ्या एका संवेदकाचा निरोपही याच वाटेने जात असल्याने हे घडते.

२०१० मध्ये या दोन्ही अभावांच्या मिळून ६० रुग्णांचा आढावा घेण्यात आला. त्यांपैकी बहुतेकांचा पहिला गंभीर आजार वयाची दोन वर्षे पुरी होण्याआधीच सुरू झाला होता. सुमारे चाळीस टक्के रुग्ण दगावले होते व हे मृत्यू लहान वयातच झाले होते. याच आढाव्यातील दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. जी मुले बालपण पार करू शकली त्यांच्यातील गंभीर आजारांचे प्रमाण वयाबरोबर घटत गेले आणि पौगंडावस्थेनंतर ते जवळपास थांबले. दुसरी फळी अनुभवाने पक्की होत गेल्यामुळे पहिलीची उणीव भरून निघत असावी, असे मानले जाते.

याचा अर्थ फार मोठा आहे. हा जन्मभराचा असाध्य विकार नसून बालपणीची काही वर्षे निभावून नेण्याचा प्रश्न आहे. ती वर्षे निभावण्यासाठी लागणारी साधनेही दुर्मीळ नाहीत. न्यूमोकॉकस व अन्य जिवाणूंविरुद्धच्या लसी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दीर्घकाळ दिली जाणारी प्रतिबंधक प्रतिजैविके, काही रुग्णांत प्रतिपिंडांची इंजेक्शने, आणि आजाराची शंका येताच ताप येण्याची वाट न पाहता सुरू केलेले उपचार, हीच ती साधने होत. दगावणाऱ्या मुलांच्या बाबतीत औषध नव्हते असे नसून, आजार वेळीच ओळखला गेला नाही असेच अनेकदा घडते.

निरोप थांबतच नाही तेव्हा

या जनुकाची दुसरी व्यथा याच्या नेमकी उलट आहे. २०११ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील लुई स्टाउट यांच्या गटास लिंफोमा या कर्करोगाच्या एका आक्रमक प्रकारात सुमारे २९ टक्के रुग्णांच्या गाठींमध्ये माय-डी-८८ मधील एकच ठरावीक बदल आढळला. प्रथिनातील एका जागी ल्यूसिन या अमिनो आम्लाऐवजी प्रोलिन आलेले होते. या बदलास एल-२६५-पी असे म्हणतात. तो झाला की रेणूंचा जिना कोणत्याही जंतूवाचून आपोआप जमतो व प्रतिपिंडे तयार करणाऱ्या कुळातील पेशीस सतत जगण्याचा व वाढण्याचा हुकूम मिळत राहतो.

२०१२ मध्ये स्टीव्हन ट्रीऑन व सहकाऱ्यांनी हाच बदल वाल्डेनस्ट्रॉम यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रक्ताच्या कर्करोगात सुमारे ९० टक्के रुग्णांमध्ये दाखवून दिला. हा रोग स्वीडनचे यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी १९४४ मध्ये वर्णिला होता. त्याचे निदान करणे पूर्वी कठीण जात असे. आता या एका बदलाची तपासणी निदानास मोठे साहाय्य करते. माय-डी-८८ च्या पुढील निरोप रोखणारे इब्रुटिनिब हे औषध २०१५ पासून अमेरिकेत या रोगासाठी मान्य झालेले आहे.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. मुलांतील अभाव हा माता-पित्यांकडून आलेला व शरीरातील सर्व पेशींत असलेला दोष असतो. कर्करोगातील बदल हा सामान्यतः उतारवयात एखाद्या पेशीत नव्याने घडलेला असतो व तो संततीस जात नाही. निरोप्या नसणे घातक, आणि निरोप्याने रात्रंदिवस खोटी हाकाटी करीत राहणेही घातक. आरोग्य या दोहोंच्या मध्ये आहे.

वारसा आणि कुटुंब

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक मातेकडून व एक पित्याकडून आलेली. माय-डी-८८ ची एक प्रत सदोष असली तरी दुसरीवर काम भागते व ती व्यक्ती निरोगी राहते. माता व पिता या दोघांकडेही एकेक सदोष प्रत असेल तर मात्र त्यांच्या प्रत्येक अपत्यास दोन्ही सदोष प्रती मिळण्याची शक्यता चारांत एक असते. ही शक्यता प्रत्येक गर्भधारणेस नव्याने लागू होते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन निरोगीच होतील, असा तिचा अर्थ नाही.

जवळच्या नात्यातील विवाहांत असे दोष एकत्र येण्याचा संभव वाढतो. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी विवाह करण्याची रीत काही समाजांत आजही आढळते. सख्ख्या आते-मामे भावंडांची सरासरीने एक-अष्टमांश जनुके एकाच पूर्वजाकडून आलेली असतात. मामा-भाचीच्या विवाहात हे प्रमाण एक-चतुर्थांश होते. अशा सर्वच विवाहांतील मुले आजारी निघतात असे मुळीच नाही. बहुसंख्य मुले निरोगीच असतात. परंतु ज्या कुटुंबात लहान मुले एकामागून एक दगावली आहेत, तेथे ही माहिती विचारणे व ती डॉक्टरांना सांगणे अगत्याचे ठरते.

अशा घरांतील स्त्रीच्या वाट्याला जे येते त्याचाही येथे उल्लेख केला पाहिजे. दोन मुले गेली की तिला पांढऱ्या पायाची ठरविले जाते, दृष्ट काढली जाते, नवस बोलले जातात आणि प्रसंगी दुसरे लग्नही उभे राहते. जनुकशास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे. अशा अपत्याला एक सदोष प्रत आईकडून व एक बापाकडूनच आलेली असते. दोष द्यायचाच झाला तर तो कोणा एकाला देता येत नाही, आणि वस्तुतः तो कोणालाच देता येत नाही.

गावपातळीवरील कर्तव्य

माय-डी-८८ चे निदान गावात होणार नाही. ते होण्यास विशेष प्रयोगशाळा लागते. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे व तेथे जन्मजात प्रतिकार-दोषांवर काम चालते. पण कोणते मूल तेथवर पोचले पाहिजे, हे प्रथम गावातच कोणाच्या तरी लक्षात यावे लागते. त्या दृष्टीने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, ताप नाही एवढ्यावरून निश्चिंत राहू नये. हा नियम केवळ या विरळ दोषापुरता नाही. नवजात अर्भके व तीव्र कुपोषित बालके यांच्यातही गंभीर संसर्ग असताना ताप येत नाही किंवा अंग उलट थंड पडते. मूल अंगावर पिईनासे होणे, निपचित पडणे, झटके येणे, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, या खुणा तापाहून अधिक बोलक्या आहेत. श्वासांची गती मोजणे कोणासही शिकता येते. मूल शांत असताना मिनिटाला दोन महिन्यांखालील अर्भकात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, व एक ते पाच वर्षांच्या बालकात ४० किंवा अधिक श्वास आढळल्यास त्यास त्वरित आरोग्य केंद्रात न्यावे.

दुसरी गोष्ट, पुनरावृत्तीची नोंद ठेवावी. एकाच मुलास मेंदूच्या आवरणाचा दाह, रक्तातील संसर्ग किंवा खोलवरचे गळू असे गंभीर आजार दोनदा झाले असतील, किंवा त्याची भावंडे अशाच आजाराने गेली असतील, तर त्याची गणना साधे अशक्त मूल अशी करू नये. अशा काही बालकांत नाळ नेहमीपेक्षा बरीच उशिरा गळून पडल्याचेही आढळले आहे. आशा कार्यकर्तीच्या गृहभेटीत ही बाब सहज टिपता येते. ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदवहीत एका घरातील दोन-तीन बालमृत्यू वेगवेगळ्या वर्षांच्या पानांवर विखुरलेले असतात. ते एकत्र पाहणारी नजर मात्र पंचायत सदस्याचीच असू शकते, कारण ते घर त्याच्या ओळखीचे असते.

तिसरी गोष्ट लसीकरणाची. न्यूमोकॉकसविरुद्धची लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने समाविष्ट झाली व २०२१ मध्ये ती देशभर लागू झाली. ती बालकास सहा आठवडे, चौदा आठवडे व नऊ महिने या वयांत विनामूल्य दिली जाते. ज्या मुलाचा निरोप्या हरवलेला आहे, त्याच्यासाठी हीच लस सर्वांत मोठा आधार आहे. आणि तो कोण, हे कोणास ठाऊक नसल्यामुळे प्रत्येक मुलाला ती वेळेवर मिळणे हाच एकमेव मार्ग उरतो.

शिक्षकांनीही हा विषय विज्ञानाच्या तासापुरता ठेवू नये. वारंवार मोठे आजारपण काढून परत येणारे मूल कामचुकार ठरविण्याआधी त्याची माहिती शाळेच्या आरोग्य तपासणीस येणाऱ्या पथकाला द्यावी. जो विद्यार्थी आठव्या-नवव्या वर्षापर्यंत तगून राहिला, त्याची पुढील वाट बहुधा सोपी होत जाते, हे त्याच्या पालकांना सांगण्यासारखा दिलासा दुसरा नाही.

माय-डी-८८ हे तीनशे अमिनो आम्लांचे प्रथिन स्वतः जंतू मारीत नाही, प्रतिपिंड बनवीत नाही. ते फक्त एकाचे ऐकते व दुसऱ्यास सांगते. ज्या बालकाच्या पेशींत हे सांगणारे कोणी नाही, त्याच्यासाठी ते काम पेशीबाहेरच्या माणसांनी करावयाचे आहे. आईने आशा कार्यकर्तीला, तिने आरोग्य केंद्राला, केंद्राने जिल्हा रुग्णालयाला वेळेवर सांगितले, तर आतला निरोप्या नसतानाही त्या बालकाची वर्दी चावडीपर्यंत पोचू शकते.